'टेक ऑफ' : एका जोडशब्दाची कुळकथा

इंग्रजी शिकू लागलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्याला ज्या शब्दांची धास्ती वाटते, ते शब्द सहसा लांबलचक नसतात. लॅटिन किंवा ग्रीक कुळातील पाच-सहा अवयवांचा शब्द एकदा कोशात पाहिला की त्याचा अर्थ मनात पक्का बसतो आणि पुढे फारसा दगा देत नाही. दगा देतात ते 'टेक', 'पुट', 'गेट', 'सेट' ह्यांसारखे एकेका अवयवाचे, बाळबोध दिसणारे शब्द. आणि तेही त्यांच्या मागे 'अप', 'ऑफ', 'इन', 'आउट' अशी एखादी चिमुकली पुरवणी लागली म्हणजे. 'टेक' म्हणजे घेणे आणि 'ऑफ' म्हणजे दूर, एवढे ज्ञान गाठीशी बांधून तो निघतो. परंतु 'टेक ऑफ' ह्या जोडीपाशी आला की ते ज्ञान त्याच्या उपयोगी पडत नाही.

कारण ह्या जोडीचे व्यवहार नाना प्रकारचे आहेत. पाहुणा घरात शिरताना टोपी उतरवतो, तेही 'टेक ऑफ'. व्यापारी किमतीतून काही रक्कम कमी करतो, सरकार एखादा कर उठवते, शस्त्रवैद्य सडलेला पाय कापून टाकतो, कारकून एका दिवसाची रजा घेतो, बहुरूपी एखाद्या प्रतिष्ठिताची नक्कल करतो, पोलीस दिसताच चोर पळ काढतो, खेळाडू उडी घेताना जमीन सोडतो, विमान आकाशात झेपावते, आणि अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे मानले तर एखादे राष्ट्रही दारिद्र्य मागे टाकून समृद्धीच्या दिशेने असेच 'टेक ऑफ' करते. एवढ्या भिन्न क्रिया एकाच शब्दाने सांगणारी भाषा मोठी लहरी असली पाहिजे, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु हे अर्थ ज्या क्रमाने रूढ झाले त्या क्रमाने पाहिले, तर ही लहर नसून एक कुळकथा आहे असे ध्यानात येते. त्या कथेत आक्रमणे आहेत, न्यायालये आहेत, रंगभूमी आहे, आणि शेवटी आपल्या पंचवार्षिक योजनाही आहेत.

कथेचा आरंभ इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर होतो. आज इंग्रजीत 'घेणे' ह्या अर्थी जो 'टेक' शब्द आहे, तो मूळचा इंग्रजांचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत ह्या अर्थाचा धातू 'निमन' असा होता. जर्मन भाषेतील 'नेमेन' हा त्याचा सख्खा भाऊ. इ. स. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर उत्तरेकडील दर्यावर्दी लुटारूंचा हल्ला झाला. पुढे हे लोक नुसती लूट करून परत न जाता तेथेच वस्ती करू लागले. राजा आल्फ्रेडने ८७८ मध्ये त्यांचा पराभव केला, तरी देशाचा उत्तर व पूर्व भाग त्यांच्याच कायद्याखाली राहिला. आणि १०१६ मध्ये तर डेन्मार्कचा क्नूट इंग्लंडच्या सिंहासनावर बसला. लुटारू शेजारी झाले, शेजाऱ्यांचे सोयरे झाले. त्यांची आणि इंग्रजांची भाषा जवळच्या नात्याची असल्यामुळे बाजारात व शेताच्या बांधावर ती सहज मिसळली. ह्या मिश्रणातून त्यांचा 'टाका' हा धातू इ. स. ११०० च्या सुमारास इंग्रजी लेखनात दिसू लागला आणि पुढील दोन-तीन शतकांत त्याने जुन्या 'निमन'ला जवळजवळ हद्दपार केले. 'निम' उरला तो चोरांच्या बोलीत, 'हात मारणे' ह्या अर्थी. शेक्सपियरच्या 'पाचवा हेन्री' नाटकातील चोरट्या शिपायाचे नाव निम असे आहे, त्यातील विनोद तत्कालीन प्रेक्षकाला फोड करून सांगावा लागत नसे. बधिर ह्या अर्थाचा 'नम' हा शब्दही त्याच धातूचा अवशेष होय : ज्याची संवेदना 'घेतली गेली' आहे तो.

'ऑफ'ची कथा निराळी. हा शब्द आणि षष्ठीचा अर्थ दाखवणारा 'ऑव्ह' हे दोन्ही मूळचे एकच. जोर देऊन उच्चारला तेव्हा तो 'ऑफ' झाला, ओझरता उच्चारला तेव्हा 'ऑव्ह'. आणि सतराव्या शतकापर्यंत दोघांची लेखनातील वाटणी पक्की झाली. जुन्या इंग्रजीत असली अव्यये पुष्कळदा धातूच्या आधी, त्याला चिकटून येत. 'फर्गिव्ह', 'अंडरस्टँड', 'विथस्टँड' हे शब्द त्या जुन्या पद्धतीचे अवशेष आहेत. परंतु बाराव्या शतकापासून ही अव्यये धातूच्या मागे, सुटी उभी राहण्याची प्रवृत्ती झपाट्याने वाढत गेली, आणि तिला उत्तरेकडील दर्यावर्दींच्या बोलीचे पाठबळ मिळाले असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

हा प्रकार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. 'गम्' ह्या एका धातूपासून आगमन, निर्गमन, संगम, अधिगम असे परस्परांपासून दूर गेलेले अर्थ उपसर्गांच्या बळावर निर्माण होतात, हे संस्कृत शिकणारा मुलगाही जाणतो. ह्याहून मौजेची गोष्ट पाणिनीने नोंदवून ठेवली आहे. उपसर्ग धातूच्या आधी येतात, असा सामान्य नियम सांगून तो लगेच म्हणतो की वेदांत ते धातूच्या मागूनही येतात, आणि मध्ये दुसरे शब्द घालूनही येतात. 'टेक युअर हॅट ऑफ' ह्या वाक्यात 'टेक' आणि 'ऑफ' ह्यांच्यामध्ये टोपी येऊन बसते, तो हाच व्यवहार. फरक इतकाच की संस्कृतात जे आरंभी मोकळे होते ते पुढे धातूला जखडले गेले. इंग्रजीत जे जखडलेले होते ते पुढे मोकळे झाले. एकाच मोठ्या भाषाकुळातील ह्या दोन शाखा एकाच रस्त्याने परस्परविरुद्ध दिशांना चालत गेल्या.

आता अर्थांकडे वळू. 'टेक ऑफ'चा मूळ अर्थ साधा आहे : जे एखाद्या गोष्टीवर बसलेले किंवा तिला चिकटलेले आहे ते तिच्यापासून सुटे करणे. अंगावरचे वस्त्र, पायांतील जोडा, डोक्यावरची टोपी. ह्या साध्या अर्थातही केवढा इतिहास सामावलेला असू शकतो, ह्याचे उदाहरण १६७० च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात घडले. आपल्याकडे पूर्वी मोठ्या माणसासमोर जाताना जोडा काढीत आणि पागोटे डोक्यावर ठेवीत, बोडक्या डोक्याने जाणे हाच उपमर्द मानीत. इंग्रजांची रीत उलट : जोडा पायांत राहील, पण टोपी डोक्यावरून उतरलीच पाहिजे. क्वेकर पंथाचे लोक मात्र देवाखेरीज कोणापुढेही टोपी काढावयाची नाही, ह्या निश्चयाचे होते. त्यांच्यापैकी विल्यम पेन आणि विल्यम मीड ह्यांच्यावर रस्त्यात बेकायदा जमाव जमवल्याचा आरोप होता. न्यायालयात शिरताना शिपायांनी त्यांच्या टोप्या उतरवून घेतल्या होत्या. न्यायासनाने त्या पुन्हा त्यांच्या डोक्यांवर ठेवण्याचा हुकूम केला, आणि मग टोप्या न काढल्याबद्दल दोघांना प्रत्येकी चाळीस मार्कांचा दंड ठोठावला!

मूळ आरोपाच्या बाबतीत न्यायासनाला हवा तो निकाल देण्याचे ज्यूरीच्या बारा जणांनी नाकारले. त्यांना दोन रात्री अन्न, पाणी व शेकोटीवाचून कोंडून ठेवण्यात आले, तरी त्यांनी आरोपींना निर्दोषच ठरवले. तेव्हा दंड त्यांनाही झाला. तो भरण्यास नकार देऊन एडवर्ड बुशेल व त्याचे काही सोबती तुरुंगात गेले. पुढे सरन्यायाधीश व्हॉन ह्यांनी निर्णय दिला की ज्यूरीला तिच्या निकालाबद्दल शिक्षा करता येणार नाही. ज्यूरीच्या स्वातंत्र्याची ही सनद होय, आणि तिच्या उगमापाशी टोपी काढण्या न काढण्याचा एक प्रसंग आहे.

सुटे करण्याचा हा अर्थ मग वस्तूंवरून इतर गोष्टींकडे सरकत गेला. देहापासून प्राण सुटा करणे म्हणजे मारणे. 'मॅक्बेथ' नाटकात, ज्याचा शिरवाडकरांनी केलेला 'राजमुकुट' हा अवतार मराठी रसिकांना परिचित आहे, राजाच्या खुनाचा विचार करणारा नायक 'खून' हा शब्द टाळून ह्याच जोडीपासून बनलेले नाम वापरतो. अपराधी मन कठोर शब्दाऐवजी घरगुती शब्दाच्या आडोशाला जाते, हे त्या नाटककाराने अचूक हेरले होते. तसेच मालावर बसलेला कर उठवणे हेही 'टेक ऑफ'. १७७० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकन वसाहतींवरील नव्या जकाती उठवल्या, पण चहावरची तेवढी ठेवली. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आणि १७७३ मध्ये तो बोस्टनच्या बंदरात बुडवला गेला. सगळे उतरवून एक ठेवले, त्या एकानेच राज्य घालवले.

ह्यापुढचा अर्थ नकलेचा. साच्यावरून ठसा उचलावा, तशी माणसावरून त्याची छबी उचलणे. अठराव्या शतकात लंडनच्या रंगभूमीवर सॅम्युएल फूट नावाचा नट ह्या कलेबद्दल प्रसिद्ध व कुप्रसिद्धही होता. जिवंत, नामांकित माणसांच्या लकबी उचलून तो त्यांना रंगमंचावर आणी. त्याची नजर एकदा प्रत्यक्ष डॉक्टर जॉन्सन ह्यांच्यावर गेली. बॉस्वेलने आपल्या १७९१ च्या चरित्रग्रंथात ही हकीकत दिली आहे. पुस्तकविक्रेता टॉम डेव्हिस ह्याच्या घरी भोजनास गेले असताना जॉन्सननी विचारले, ओकच्या सोट्याला काय पडते? सहा पेन्स, असे उत्तर मिळाले. तर मग नोकराला पाठवून माझ्यासाठी शिलिंगाचा आणवा, ते म्हणाले. हा फूट मला 'टेक ऑफ' करणार आहे असे ऐकतो, आणि ते त्याला फुकटात पचू द्यावयाचे नाही असा माझा निश्चय आहे. निरोप फूटच्या कानी गेला आणि ती नक्कल रंगभूमीवर आलीच नाही.

ह्या गोष्टीत एक गंमत आहे. नटाच्या तोंडी असलेला हा शब्द जॉन्सननी तुच्छतेने उच्चारला असला, तरी तो त्यांना चांगला ओळखीचा होता. १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही रीत आपल्या भाषेत विशेष आहे आणि परकीयांना तिचाच सर्वांत अधिक त्रास होतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले; आणि जी उदाहरणे दिली त्यांत नक्कल करणे ह्या अर्थी 'टेक ऑफ' होते. एकट्या 'टेक' ह्या शब्दाचे त्यांनी १३४ अर्थ मांडले. परकीयांच्या ज्या अडचणीची दखल व्याकरणकारांनी क्वचितच घेतली होती, ती ह्या कोशकाराने मनापासून घेतली, हे त्यांचे आपल्यासारख्यांवर उपकारच आहेत. ह्या प्रकाराला इंग्रजीत आज रूढ असलेले 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र पुष्कळ उशिराचे आहे. ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली ह्यांनी ते सुचवले आणि लोगन पिअरसॉल स्मिथ ह्यांनी १९२५ मध्ये आपल्या ग्रंथात ते वापरले.

येथे क्षणभर आपल्या भाषेकडे पाहावे. मराठीतील 'काढणे' ह्या क्रियापदाचा संसार 'टेक ऑफ'हून लहान नाही. आपण कपडे काढतो, दृष्ट काढतो, कर्ज काढतो, दिवस काढतो, कोणाची खोडी काढतो, कोणाची आठवण काढतो. त्यातही विशेष असा की प्रत 'काढणे' आणि पळ 'काढणे' ह्या दोन्ही अर्थांत मराठी आणि इंग्रजी, एकमेकींची चाहूल नसताना, एकाच वाटेने गेल्या. आपल्या मुलाला ह्या 'काढण्या'चे कोष्टक कोणी पाठ करवून घेत नाही; वस्तू एका ठिकाणाहून सुटी होते, ही मूळ कल्पना त्याच्या अंगवळणी पडलेली असते आणि तिच्या आधाराने तो नवा अर्थ उकलतो. इंग्रजी शिकवताना आपण नेमका हाच आधार काढून घेतो आणि अर्थांची यादी तेवढी हातात ठेवतो.

आता राहिले उड्डाण. लांब उडी घेणारा खेळाडू किंवा अडथळ्यावरून झेपावणारा घोडा ज्या ठिकाणी जमिनीपासून पाय सोडवतो, त्या ठिकाणाला व त्या क्रियेला एकोणिसाव्या शतकात हा शब्द लागू झाला. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे यंत्र लाकडी रुळावरून सुटून बारा सेकंद हवेत राहिले, तेव्हा ह्या नव्या क्रियेसाठी नवा शब्द घडवण्याची गरज पडली नाही; क्रीडांगणावरचा शब्द विमानतळावर आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, तोपर्यंत हा अर्थ इतका रुळला होता की जुने अर्थ त्याच्या छायेत गेले.

आणि मग १९५६ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. रोस्टो ह्यांनी एका निबंधात, व १९६० मध्ये आर्थिक विकासाच्या अवस्थांवरील आपल्या ग्रंथात, हा शब्द राष्ट्रांना लावला. त्यांच्या मते प्रत्येक समाज पाच अवस्थांतून जातो आणि त्यांतील तिसरी, निर्णायक अवस्था म्हणजे 'टेक ऑफ'. राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के किंवा त्याहून कमी असलेली उत्पादक गुंतवणूक दहा टक्क्यांवर जाते, काही प्रमुख उद्योग वेगाने वाढतात, आणि दोन-तीन दशकांत वाढ स्वयंचलित होते. ब्रिटनचे हे उड्डाण त्यांनी १७८३ ते १८०२ ह्या काळात बसवले, जपानचे १८७८ ते १९०० ह्या काळात; आणि भारताच्या नावापुढे, अर्थात तात्पुरते म्हणून, १९५२ हे आरंभवर्ष लिहिले.

स्वातंत्र्यानंतर दारिद्र्याशी झुंज घेणाऱ्या देशाला ह्या शब्दाने भुरळ घातली असल्यास नवल नाही. धावपट्टी आहे, यंत्र सुरू झाले आहे, आणखी थोडा वेग घेतला की चाके जमिनीवरून सुटणार : ह्या चित्रात आशा होती आणि कष्टांना अर्थही होता. परंतु चित्र जितके मोहक तितके ते आपल्या अटी मुकाट्याने लादते. विमान जमिनीवर असते किंवा आकाशात. मधली स्थिती नसते. देशाचे तसे नसते. ज्या राष्ट्रांचा दाखला दिला जात होता, त्यांच्या आकडेवारीत असा एकाएकी घेतलेला वेग आढळत नाही, अशी हरकत सायमन कुझ्नेट्स ह्यांच्यासारख्या जाणत्याने तेव्हाच घेतली होती. इकडे १९६५ चे युद्ध झाले, १९६५ व १९६६ ह्या लागोपाठच्या वर्षी पाऊस हुकला, परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लागले, जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि १९६६ ते १९६९ ही तीन वर्षे पंचवार्षिक योजनेलाच विराम द्यावा लागला. त्या अवघड काळात, १९६७ मध्ये, योजना आयोगाचे उपाध्यक्षपद पुण्याचे धनंजयराव गाडगीळ ह्यांच्याकडे आले. सहकाराच्या कार्यात मुरलेल्या ह्या अर्थशास्त्रज्ञाला देश हा धावपट्टीवरील एकच एक यंत्र नसून पाण्याची, पतपेढीची आणि बाजाराची वाट पाहणारी लाखो शेते आहेत, हे सांगावे लागण्याचे कारण नव्हते.

ह्याचा अर्थ रोस्टो ह्यांचा सगळा विचार टाकाऊ होता असा नव्हे. गुंतवणूक वाढल्यावाचून दारिद्र्य हटत नाही, हे खरेच होते. चूक झाली ती शब्दाचा शेवटचा अर्थ तेवढा घेण्यात आणि त्याची पूर्वपीठिका विसरण्यात. विमानाच्या आधी हा शब्द उडी घेणाऱ्याचा होता. आणि उडी घेणारा पुन्हा जमिनीवर येतो, श्वास घेतो, आणि पुन्हा धावतो. १९६६ नंतरच्या भारताची वाटचाल विमानापेक्षा ह्या धावपटूच्या गतीशी अधिक जुळणारी होती. ती सावधगिरीची सूचना त्या शब्दातच होती, पण ती वाचण्याइतकी सवड कोणाला नव्हती.

शब्दांचे अर्थ कोशकार वाढवीत नाहीत. ते वाढवतात दर्यावर्दी आणि शेतकरी, हट्टी क्वेकर आणि खट्याळ नट, घोडेस्वार, वैमानिक आणि अर्थशास्त्रज्ञ. कोशकार मागून येऊन हिशेब लिहितो. परभाषेतील शब्द आपण घेतो तेव्हा हा सगळा हिशेब त्याच्याबरोबर आपल्या घरी येत असतो. तो उलगडून पाहिला तर विद्यार्थ्याची धास्ती कमी होते. आणि मोठ्यांनी पाहिला तर एखाद्या आकर्षक शब्दाच्या भरवशावर देशाचे वेळापत्रक आखण्यापूर्वी त्यांचा हात क्षणभर थांबेल.